हाताला तेल

ब्रिस्बेनजवळच्या टूवूंबाच्या बाहेर, शेतांना लागून, जुन्या काळच्या वसाहतीची एक वस्ती मुद्दाम उभी करून ठेवली आहे. लोहाराचा भाता, एका खोलीची शाळा, पावाची भट्टी, फळ्यांचं छोटंसं चर्च. रविवारी लोक पोरंबाळं घेऊन बघायला येतात. त्या चर्चमधले फादर क्विल आता बटण दाबल्यावर बोलतात. हिरवं बटण दाबलं की भिंतीतून भारदस्त आयरिश आवाज येतो आणि हा पहिलावहिला मिशनरी घोड्यावरून या माळावर कसा हिंडला, ते चार मिनिटांत सांगून मोकळा होतो. आवाज छान आहे. कुणा नटाचा आहे म्हणे. फक्त त्यात फादर क्विल मरणाऱ्या मेंढपाळापर्यंत वेळेवर पोचतात. बावतीसकाकांच्या तोंडी ते एकदाही वेळेवर पोचले नव्हते.

बावतीस लोपीस मूळचे वसईचे. इथल्या हॉस्पिटलात वॉर्ड्समन होते, म्हणजे पेशंटची ट्रॉली ढकलत लिफ्टमधून एक्स-रेला आणि एक्स-रेहून वॉर्डात. रिटायर झाल्यावर काय करावं सुचेना, म्हणून वस्तीवरच्या घोड्याची लीद काढायला जाऊ लागले. अंगाने काटकुळे, कान मोठे, आणि चालताना उजवा खांदा थोडा पुढे, अजून ट्रॉली ढकलतच असावेत तसा. सगळे त्यांना बॅझ म्हणायचे. बावतीस हे नाव इथल्या कुणाच्या जिभेला झेपलं नाही आणि काकांनीही कधी हट्ट धरला नाही.

वस्तीवर काम करणाऱ्या हौशी मंडळींनी जुन्या काळातला एकेक माणूस वाटून घेतलेला असतो. कुणी लोहार, कुणी शाळामास्तर. कपडे त्या काळाचे, बोलणं त्या काळाचं, आणि कडक नियम एकच: आपल्या माणसाला ‘तो’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणायचं. फादर क्विलचं काम आधी एक खरेखुरे आयरिश गृहस्थ करायचे. त्यांचा गुडघा बदलला आणि त्यांनी घोड्याला रामराम ठोकला. त्यांचा काळा झगा मग सगळ्यांनी घालून पाहिला. इथली माणसं चांगली खाऊनपिऊन सुखी, झगा कुणालाच होईना. लीद काढणाऱ्या बॅझला तो बेतून शिवल्यासारखा बसला. अशा रीतीने आयर्लंडचे फादर क्विल वसईचे झाले.

काकांनी आयरिश उच्चार शिकायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. वसईच्या इंग्रजीत ठणठणीत बोलायचे. एखादा आगाऊ पाहुणा विचारायचाच, फादर क्विल इंडियन होते का? काका हॅट सारखी करून म्हणायचे, “टू मच सन, मेट. फार वर्षं उन्हात हिंडलो.”

मी इथे शिकायला आले, पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवान्यासाठी, रीजनल भागात राहिले, आणि पीआर हातात पडल्यावर बाकीचे सगळे ब्रिस्बेन-सिडनीला पळाले तेव्हा आळसाने मागे उरले. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते. काकांना तिथे लांबून पाहिलं असणार, पण ओळख झाली ती वस्तीवर, आणि तीही माझ्या आईमुळे.

आई तीन महिन्यांसाठी आली होती. जूनचा महिना, म्हणजे इथला हिवाळा, टूवूंबाचं बोचरं वारं, आणि शनिवार-रविवार तिला कुठे न्यायचं हा माझ्यापुढचा यक्षप्रश्न. म्हणून वस्तीवर नेलं. आईला लांब झगा घातलेला कुणीही चालतो. चर्चच्या दारात काका दिसताच तिने चप्पल काढली आणि सरळ वाकली. काका विंचू दिसल्यासारखे दोन पावलं मागे उडाले. हॅट काढून दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली आणि शुद्ध मराठीत ओरडले, “अहो आई, नका, नका! माझ्या हाताला तेल लागलेलं नाही!”

मी उडालेच. आई मात्र मराठी ऐकून अजिबात चकित झाली नाही. देवाधर्माच्या माणसाला मराठी येणारच, असं तिचं गृहीत असावं. तिने त्यांचे हात नीट निरखले. थंडीने आणि लिदीच्या फावड्याने ते भेगाळून पांढरे पडले होते. “खरंच की हो,” ती म्हणाली. “किती फुटलेत!” आणि पर्समधून खोबरेलाची बाटली काढली. ती बाटली घेऊन आई जगभर फिरते. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, मग हॅट काखेत मारून ती दोन्ही हातांनी घेतली. “थँक यू, आई. लावतो,” म्हणाले.

आई परत गेल्यावरही मी रविवारी तिथे जात राहिले. तिकिटं फाडायचे, चहाचे कप विसळायचे. खरं कारण मराठी. काका मला ‘बाय’ म्हणायचे. त्या बाय शब्दासाठी मी पुष्कळ कप विसळले.

तेलाचा अर्थ त्यांनी पुढे कधीतरी खोगीर पुसता पुसता सांगितला. माणूस फादर होतो त्या दिवशी बिशप त्याच्या दोन्ही तळहातांना तेल लावतात. मग ते हात आशीर्वादाला उठायला मोकळे. घरचे, गावचे सगळे येऊन त्या हातांचं चुंबन घेतात, सगळ्यांत आधी आई. “मी सहा वर्षं सेमिनरीत होतो, बाय, फादर व्हायला शिकत. दोन उरली होती. वडिलांना लकवा झाला, केळीची वाडी सुकायला लागली, थोरला मी. म्हटलं एक पावसाळा घरी काढतो.”

“मग?”

“मग काय! वाडीला दर वर्षी पावसाळा येतो.”

काकांच्या आईने त्यांच्या झग्यासाठी आधीच कापड घेऊन ठेवलं होतं. ते परत येत नाहीत हे कळल्यावर तिने त्याचे परकर शिवले. एक शब्द बोलली नाही. “पण वाळत घातलेले काळे परकर रोज दिसायचे ना,” काका म्हणाले आणि खोगिराला खोबरेल चोळू लागले. हो, तेच खोबरेल. माझी आई दर आठवड्याला फोनवर विचारायची, “काय गं, त्या फादरांच्या हाताला तेल लागतंय की नाही?” मी हो म्हणून मोकळी व्हायचे. खरा अर्थ तिला कधी सांगितला नाही, आणि तेल खोगिराला लागतंय हेही नाही.

तर काकांचा स्वतःचा असा एक नियम होता. झग्यात असताना कुणी आशीर्वाद मागितला की हॅट काढायची आणि दोन्ही हातांनी धरायची. लोक मागायचेच. गंमत म्हणून मागायचे, काही म्हातारी माणसं खरोखरच मागायची. “हॅट धरली की हात चुकून वर जात नाही,” काका म्हणायचे. इतकी वर्षं घोळवून त्या हॅटची कड दोन जागी झिजली होती, बरोबर अंगठ्यांपाशी.

एकदा मराठी मंडळींची सहल आली. त्यात सिडनीच्या कॅसल हिलचे एक आयटीवाले गृहस्थ होते, कपाळाला गॉगल. मी उत्साहाने सांगितलं, हे आपले वसईचे. गृहस्थांनी झग्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काय मग, इथे किती जणांना बाटवलंत?”

काका झग्यात होते, म्हणजे ‘मी’मध्ये. म्हणाले, “बाटवायला सवड कुठली, साहेब? मी आलो आमच्या आयरिश लोकांसाठी. ते आधीच कॅथलिक. रविवारच्या प्रार्थनेला त्यांना शुद्धीवर ठेवता ठेवता माझं आयुष्य गेलं.”

सगळे हसले. गृहस्थही हसले आणि वसईच्या माणसाला जन्मभर ऐकावं लागतं ते वाक्य बोलले: “पण मराठी मात्र छान बोलता हं तुम्ही!”

“घरी तेच बोलतो,” काका म्हणाले. “तुमच्याकडे?”

तेवढ्यात गृहस्थांच्या मुलीने त्यांची बाही ओढली. “डॅड, कॅन वी गो नाऊ? इट्स बॉइलिंग.” काकांनी हॅट डोक्यावर ठेवली आणि गंभीरपणे घोड्याकडे निघून गेले.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. काका मात्र दिवसभर घोड्यापाशीच. जाताना म्हणाले, “बाय, त्याचा प्रश्न वाईट नव्हता. मी उत्तरात मजा केली ते वाईट.” फादर क्विलच्या रोजनिशीच्या वहीची झेरॉक्स त्यांच्याकडे होती आणि ती त्यांना तोंडपाठ होती. मेंढपाळाकडे निघाले तेव्हा इथल्या मूळ आदिवासींपैकी एक माणूस फादरांबरोबर तीन दिवस चालत होता. वाट त्याला ठाऊक, पाणी कुठे ते त्याला ठाऊक. वहीत त्याच्यावर अर्धी ओळ आहे. पुढच्या रविवारपासून काका गोष्टीत एवढं जास्त सांगू लागले: “त्या माणसाने मला जिवंत ठेवलं. त्याचं नाव मी लिहून ठेवलं नाही. घोड्याचं लिहिलं.” हे ऐकून लोक जरा अस्वस्थ व्हायचे. काकांना ते चालत होतं.

गोष्टीचा शेवटही लोकांना आवडत नसे. मेंढपाळ मरणाला टेकल्याचा निरोप येतो, फादर क्विल निघतात, वाटेत नदीला पूर, आणि पोचतात तेव्हा त्याच सकाळी त्याच्या सोबत्याने त्याला पुरलेलं असतं. पुढची चार पानं वहीत कोरी आहेत. “आय वॉज लेट,” एवढं म्हणून काका थांबायचे. वस्तीचा कारभार बघणाऱ्या ग्लेनने त्यांना एकदा बाजूला घेतलं. “बॅझ, मेट, फॅमिलीज येतात. एकदा वेळेवर पोचव ना त्याला. कुणाला कळणार आहे?”

“त्या मेंढपाळाला,” काका म्हणाले.

पावाची भट्टी नॉर्माकडे होती. ऐंशी ओलांडलेली शेतकऱ्याची बायको, सात मुलांची आई, आवाज असा की घोडा कान टवकारायचा. निखाऱ्यावर भाजलेला जाड पाव, ज्याला इथे डँपर म्हणतात, त्याचा पहिला तुकडा ती दर रविवारी काकांना द्यायची, आणि झग्याची उसवलेली शिवण काका आत असतानाच घालायची. मग तिला विसर पडू लागला. पिठात दोनदा मीठ, कधी मीठच नाही. फुप्फुसंही थकली. मुलांनी तिला शहरातल्या एका केअर होममध्ये ठेवलं.

महिन्यातल्या एका मंगळवारी वस्तीवरचे आम्ही दोघं-तिघं त्या केअर होममध्ये जात असू. म्हाताऱ्यांना जुने कपडे बघून बरं वाटायचं. त्या ऑगस्टमध्ये मी आणि काका दोघंच होतो. काकांचा जुना ट्रक गॅरेजमध्ये, म्हणून गाडी माझी. नर्सने दारातच सांगितलं, नॉर्माचं आज-उद्याचंच दिसतंय, मुलगी पर्थहून निघाली आहे.

आम्ही खोलीत गेलो. नॉर्माने डोळे उघडले आणि तिला झगा दिसला. बॅझ दिसला नाही, झगा दिसला. “किती उशीर केलात, फादर,” ती म्हणाली. तिने हात जोडले आणि पापांची कबुली देताना म्हणतात ते सुरू केलं, “ब्लेस मी, फादर...”

काकांनी हॅट काढली आणि दोन्ही हातांनी धरली.

नॉर्मा थांबून वाट बघत राहिली. नर्स माझ्या खांद्यावरून कुजबुजली, “जस्ट डू इट, बॅझ. शी वोंट नो.”

“तिला कळणार नाही,” काका म्हणाले, “म्हणूनच नको.”

मला त्यांचा संताप आला. मी देवाला मानत नाही. माझ्या लेखी तो प्रश्न एक हात वीतभर वर करण्याचा होता. कॉरिडॉरमध्ये मी तसं बोललेही. काका भिंतीला टेकून उभे होते, चेहरा राखेसारखा. “तिला बरं वाटलं असतं, बाय, कबूल,” म्हणाले. “पण तिने मला कधी उरलेला पाव दिला नाही. मी तिला खोटा आशीर्वाद कसा देऊ?”

त्यांनी फोन लावायला सुरुवात केली. आसपासचे सगळे फादर आठवडाभराच्या शिबिराला ब्रिस्बेनला गेले होते. मागे एकटे फादर जोबी. केरळचे, तरणे, चार गावांची चर्चेस एकटे सांभाळणारे. ते डॅल्बी गावाच्याही पुढे एका फार्मवर अंत्यविधीला गेलेले, आणि तिथे फोनला रेंज नाही. काकांनी घड्याळ बघितलं. एक वाजला होता. “गाडीत पेट्रोल आहे का?” त्यांनी विचारलं.

सव्वा तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना काळी उघडी शेतं. हॅट मांडीवर घेऊन काका स्पीडच्या काट्याकडे बघत बसले होते. “बाय, जरा जोरात...”

“शंभरचं लिमिट आहे, काका.”

“क्विलला नव्हतं,” ते म्हणाले. झग्यात असताना त्यांनी फादरांना क्विल म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. पेट्रोलला थांबलो तिथे एका ट्रकवाल्याने अदबीने टोपी काढून गुड डे फादर म्हटलं. एरवी काकांनी त्याला घोड्याबद्दल चार गोष्टी ऐकवल्या असत्या. “आय अ‍ॅम नॉट, मेट,” ते म्हणाले. “फक्त कपडे आहेत.”

फार्मवर पोचलो तेव्हा अंत्यविधी आटोपला होता. फादर जोबी जीन्स आणि जाकीट घालून पडवीत लॅमिंग्टन केक खात होते. त्यांनी काकांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. “अंकल, तुम्हाला बघून वाटतं मीच नाटकातला आहे.” पण केक तसाच ठेवून निघाले. आमच्याच गाडीत मागे बसले.

परत आलो तेव्हा चारला दहा कमी होते. नॉर्मा अजून होती. वेळेवर आलो असं मला वाटलं, आणि तिथेच घोळ झाला. फादर जोबींनी गळ्यात जांभळी पट्टी घातली, पाकिटाएवढ्या डबीतून आजाऱ्यांना लावायचं तेल काढलं. नॉर्माने जीन्सकडे पाहिलं आणि हात पांघरुणाखाली घेतले. “तू तिकडे बस, पोरा,” ती म्हणाली आणि काकांकडे बोट केलं. “माझे फादर हे आहेत.” जोबींनी समजावलं, नर्सने समजावलं. मुठी सुटेनात. तिला जे हवं होतं ते हातभर अंतरावर होतं, आणि आड येत होता तो काकांचा झगा.

काका पलंगाजवळ गुडघ्यांवर बसले. वस्तीवरच्या रविवारच्या आवाजात, फादर क्विलच्या आवाजात म्हणाले, “नॉर्मा, आय वॉज लेट. मी नेहमीसारखा उशिरा आलो. म्हणून या मुलाला बरोबर आणलंय. हा वेळेवर आलाय. हात दे त्याला.”

नॉर्माने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग हात बाहेर आले.

फादर जोबींनी तिच्या कपाळाला तेल लावलं, मग दोन्ही तळहातांना, हळू, प्रार्थना म्हणत. संपल्यावर ते मागे सरले. नॉर्मा काकांकडे वळली आणि तिने तेलाच्या हातांनी त्यांचे हात ओढून घेतले. हॅट पलंगाखाली गेली. ती तसे हात धरूनच झोपली. ते सोडवायला नर्सच्या दोन फेऱ्या झाल्या. कॉरिडॉरमध्ये केलेल्या बडबडीची मला तिथे उभ्याउभ्या लाज वाटली.

पार्किंगमध्ये काका गाडीजवळ नुसते उभे राहिले. “दार उघडतेस का, बाय?” म्हणाले. दोन्ही तळहात वर करून त्यांनी जरा लांब धरले होते. मी दार उघडलं, पट्टा बांधून दिला. हॅट आतच राहिली होती, ती त्यांना आठवलीही नाही. हात गुडघ्यांवर उताणे ठेवून ते घरापर्यंत बसून होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, “हे ते तेल नाही. आजाऱ्यांचं वेगळं असतं, फादर होण्याचं वेगळं.” सिग्नल पडला, सुटला. “पण तेल आहे,” म्हणाले.

नॉर्मा आणखी अकरा दिवस जगली आणि पर्थच्या मुलीला यथेच्छ रागावून गेली. काका पुढे वर्षभर वस्तीवर उभे राहिले, दर रविवारी उशिरा पोचले, आणि मग मेलबर्नला, क्लेटनमध्ये लेकीकडे राहायला गेले. मला ते आठवतात ते मात्र माझ्या गाडीतले, हात उताणे ठेवून बसलेले.

त्या मंगळवारी मी घरी येऊन चहा टाकला तेवढ्यात आईचा फोन आला. तिकडे ती नुकतीच जेवून उठली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने नेहमीचं विचारलं, “काय गं, त्या फादरांच्या हाताला तेल लागतंय की नाही?”

“लागलं, आई,” मी म्हटलं. “आज लागलं.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “थंडीत हात फार फुटतात.”